अल्कासर-किबीरच्या पराभवानंतरचे पोर्तुगाल

उत्तर मोरोक्कोतील अल्कासर-किबीरच्या रणांगणावर दि. ४ ऑगस्ट १५७८ रोजी पोर्तुगालचा चोवीस वर्षांचा राजा सेबास्तियन मारला गेला, त्याचे सुमारे ८,००० सैनिक कामास आले आणि उरलेले जवळजवळ सर्व पाडाव झाले. मोरोक्कोच्या ज्या गादीसाठी हा संग्राम झाला तिचे दोन्ही दावेदारही त्याच दिवशी निवर्तले. परंतु मोरोक्कोचा वारस अहमद अल्‌-मन्सूर जागीच हजर होता, सेबास्तियन मात्र अविवाहित व निपुत्रिक होता, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ या भेदात आहे.

गादीवर आलेला त्याचा चुलत-आजोबा कार्डिनल हेन्री हा वृद्ध व ब्रह्मचर्यव्रताने बांधलेला. वंशरक्षणार्थ त्याने पोपकडे मागितलेली विवाहाची परवानगी मिळाली नाही. इकडे ऐंशी सरदारांच्या सुटकेसाठी ४,००,००० क्रुझादोंची खंडणी ठरली, ती भरताना मोठमोठ्या घराण्यांचे जडजवाहीर गेले, आणि ज्यांच्यामागे पैसा नव्हता असे असंख्य शिपाई दास्यातच राहिले. त्यांची वाताहत इतिहासकारांनी अधिक विस्ताराने सांगावयास हवी होती.

जानेवारी १५८० मध्ये हेन्री वारस न नेमताच वारला. मातृवंशाने हक्क सांगणाऱ्या स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला कर्जबाजारी सरदारांना वश करणे कठीण गेले नाही; प्रतिस्पर्धी आंतोनियोचा त्याच्या सेनापतीने, आल्बाच्या ड्यूकने, ऑगस्टात लिस्बनजवळ अल्कांतारा येथे मोड केला. १५८१ च्या तोमार येथील सभेत फिलिपने राज्याचा कारभार, चलन व हुद्दे पोर्तुगीजांकडेच राहतील असे वचन दिले, आणि त्याच वर्षी गोव्यानेही त्याचा अंमल मान्य केला.

फिलिपने १५८२ मध्ये सेबास्तियनचे म्हणून आणविलेले शव बेलेंच्या मठात पुरले, तरी लोकांना ते पटले नाही. राजा जिवंत आहे व परत येईल ही श्रद्धा, पराभवापूर्वीच रचलेल्या बांदार्रा नामक चांभाराच्या भविष्यवाण्यांच्या आधाराने, घरोघर रुजली. १५८४ ते १६०३ या काळात चार तोतये उभे राहिले. हा भाबडेपणा नव्हे. स्वातंत्र्य गमावलेल्या प्रजेला उरलेली ती एकच राजनिष्ठा होती.

या जोडराज्यामुळे स्पेनचे वैरी पोर्तुगालचेही वैरी झाले, आणि १६०५ मध्ये डचांनी अंबोइना घेतल्यापासून पूर्वेकडील ठाणी एकामागून एक जाऊ लागली. अखेर १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव होऊन ब्रागांझाचा ड्यूक चौथा जॉन म्हणून राजा झाला. त्याचा पिता तेओदोसियो दहा वर्षांचा असताना अल्कासर-किबीर येथे पकडला गेला होता.