गॅन्सायक्लोव्हिर : शिरेवाटे वापर आणि सुरक्षितता

गॅन्सायक्लोव्हिर हे सायटोमेगॅलोव्हायरस (लघुरूप : सीएमव्ही) या विषाणूवर चालणारे, मुख्यतः शिरेवाटे दिले जाणारे औषध असून एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशा रुग्णांसाठी त्याचा प्रामुख्याने वापर होतो. नागिणीवर दिल्या जाणाऱ्या असायक्लोव्हिरचे ते रासायनिक भावंड होय. मात्र असायक्लोव्हिर सीएमव्हीवर पुरेसे परिणामकारक नाही. एड्सच्या रुग्णांतील सीएमव्हीजन्य दृष्टिपटलदाहासाठी अमेरिकेत गॅन्सायक्लोव्हिरला १९८९ मध्ये मान्यता मिळाली.

सीएमव्ही हा नागीण व कांजिण्या यांच्या विषाणूच्या कुळातला असून तो बहुधा लहानपणीच लाळेतून किंवा आईच्या दुधातून शरीरात शिरतो, फारशी लक्षणे न दाखवता मुरतो आणि जन्मभर सुप्त राहतो. भारतातील बहुतेक प्रौढांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे सापडतात. त्यामुळे येथील मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांत उद्भवणारा आजार हा बऱ्याचदा नवा संसर्ग नसून शरीरातच दबून राहिलेला विषाणू पुन्हा जागा झाल्याचा परिणाम असतो. हा विषाणू आतडी, फुप्फुसे, यकृत यांपैकी कोणत्याही अवयवावर घाला घालू शकतो. एचआयव्हीबाधितांत सीडी-४ पेशींची संख्या ५० च्या खाली गेल्यावर डोळ्यांना विशेष धोका असतो.

औषध शरीरात निष्क्रिय स्वरूपात जाते. बाधित पेशीत विषाणूचेच यूएल-९७ नावाचे विकर त्याला पहिला फॉस्फेट गट जोडते, पुढचे दोन गट पेशीची स्वतःची विकरे जोडतात आणि तयार झालेले संयुग विषाणूच्या डीएनएची जुळणी रोखते. म्हणजे विषाणू स्वतःच्याच हाताने औषधाला धार लावतो. ही निवड मात्र चोख नसते. भराभर विभागणाऱ्या निरोगी पेशींनाही औषधाची झळ लागते, आणि अशा पेशींचे मोठे कोठार म्हणजे अस्थिमज्जा. ज्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी आधीच कमी आहेत त्याच्याच मज्जेवर हे औषध दाब आणते, ही या उपचारातील मूळ अडचण आहे.

मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढाला सुरुवातीला दर १२ तासांनी वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम अशी मात्रा साधारण २ ते ३ आठवडे आणि नंतर, गरज असल्यास, तीच मात्रा दिवसातून एकदा दिली जाते. औषध जवळजवळ सर्वस्वी मूत्रपिंडावाटे, फारसे न बदलता बाहेर पडते. म्हणून मात्रा ठरवताना क्रिएटिनिनचा आकडा नुसता पाहून चालत नाही, तर त्यावरून वय, वजन व लिंग लक्षात घेऊन मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढावी लागते. समजा, ६५ वर्षे वयाच्या, ४२ किलो वजनाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.२ आहे. अहवालावर हा आकडा फारसा खटकत नाही. पण कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांच्या सूत्राने तिची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटरच निघते, आणि २५ ते ४९ या टप्प्यासाठी ठरलेली मात्रा दर किलोमागे २.५ मिलिग्रॅम, तीही २४ तासांतून एकदाच असते. पूर्ण मात्रेने तिला दिवसाकाठी ४२० मिलिग्रॅम औषध गेले असते. योग्य मात्रा १०५ मिलिग्रॅम आहे. चौपटीचा हा फरक एका भागाकारात दडलेला असतो, आणि प्रत्यारोपणानंतर क्रिएटिनिन सतत खालीवर होत असल्याने हा हिशेब एकदा मांडून भागत नाही. डायलिसिसवरील रुग्णाला औषध डायलिसिस झाल्यावर देतात.

५०० मिलिग्रॅमची भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवून तो द्राव बहुधा १०० मिलिलिटर सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात. पॅराबेन हे परिरक्षक असलेले पाणी वापरल्यास साका बसतो. भुकटीपासून केलेल्या मूळ द्रावाचा सामू ११ च्या आसपास, म्हणजे बराच अल्कधर्मी असतो. त्यामुळे औषध स्नायूत किंवा त्वचेखाली टोचत नाहीत, चांगला रक्तप्रवाह असलेली शीर निवडतात आणि संपूर्ण मात्रा एका तासात सावकाश सोडतात. घाईने दिल्यास रक्तातील पातळी एकदम चढून विषारी परिणाम वाढतो. रुग्णाच्या शरीरात पाणी पुरेसे असणेही आवश्यक असते.

न्यूट्रोफिल ५०० च्या, प्लेटलेट २५,००० च्या किंवा हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली असल्यास औषध सुरू करू नये, असा दंडक आहे. सुरुवातीच्या काळात रक्तपेशींची मोजणी आठवड्यातून दोन-तीनदा करणे इष्ट ठरते. औषध थांबवल्यावर पेशी साधारण ३ ते ७ दिवसांत सावरू लागतात. दरम्यान न्यूट्रोफिल वाढवणारे फिलग्रास्टिम काही रुग्णांना दिले जाते. झिडोव्ह्युडिन, मायकोफेनोलेट, को-ट्रायमॉक्साझोल ही याच रुग्णांच्या यादीत हमखास आढळणारी औषधेही मज्जेला दाबू शकतात, तर इमिपेनेम-सिलास्टॅटिन सोबत दिल्यास झटके आल्याची नोंद आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांत हे औषध कर्करोगकारक, गर्भाला घातक आणि प्रजननक्षमता घटवणारे ठरले आहे. म्हणून स्त्रियांनी उपचार चालू असताना व नंतर किमान ३० दिवस, तर पुरुषांनी किमान ९० दिवस गर्भनिरोधाची काळजी घ्यावयाची असते. ड्रिप तयार करणाऱ्या परिचारिकेने हातमोजे घालणे आणि उरलेला द्राव कर्करोगावरील औषधांप्रमाणे वेगळा टाकणे अपेक्षित असते. वॉर्डात या नियमाकडे सर्वाधिक काणाडोळा होतो, कारण ‘अँटिव्हायरल’ या नावात धोक्याची चाहूल नाही.

पेशी घसरल्या की मात्रा आपल्याच मनाने कमी करण्याचा मोह होतो; तो महागात पडतो. अपुऱ्या मात्रेत विषाणू वाढत राहतो आणि यूएल-९७ च्या जनुकात उत्परिवर्तन होऊन औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून मूत्रपिंडाला साजेशी पूर्ण मात्रा द्यावी आणि ती मज्जेला झेपत नसल्यास औषध तात्पुरते थांबवावे किंवा बदलावे, हाच मार्ग श्रेयस्कर. पहिल्या दोन आठवड्यांत रक्तातील विषाणूंची संख्या उतरली नाही एवढ्यावरून मात्र प्रतिकार निर्माण झाला असे मानत नाहीत. प्रतिकार सिद्ध झाल्यास फॉस्कार्नेट वापरतात. त्याला यूएल-९७ ची गरज नसते, पण ते मूत्रपिंडाला इजा करते व रक्तातील कॅल्शियम उतरवते. अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झालेले तोंडावाटे घेण्याचे मॅरिबाव्हिर मज्जेला तुलनेने सौम्य आहे. परंतु ते यूएल-९७ हेच विकर बंद पाडते आणि गॅन्सायक्लोव्हिरला धार लावणारा हात जागीच थिजतो, म्हणून ही दोन औषधे एकत्र दिली जात नाहीत.