लॉस एंजेलिस: लाल गाड्या, मोटारी आणि रस्त्यावरचा हक्क

१/
९ एप्रिल १९६१ रोजी लॉस एंजेलिसहून लाँग बीचकडे जाणारी विजेची लाल गाडी अखेरची धावली. पुढे १४ जुलै १९९० रोजी बऱ्याच अंशी त्याच मार्गावर पुन्हा विजेची गाडी सुरू झाली. मोटारींचे शहर म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या महानगराने एके काळी हाताशी असलेली व्यवस्था मोडली आणि ती पुन्हा उभारण्यासाठी अब्जावधी डॉलर खर्चले. हे कसे घडले, याचा हा इतिहास.

२/
या कथेचा पहिला नायक हेन्री हंटिंग्टन. १८९८ मध्ये त्याने शहरांतर्गत ट्राम चालवणारी लॉस एंजेलिस रेल्वे विकत घेतली. तिच्या गाड्या पिवळ्या. १९०१ मध्ये त्याने पॅसिफिक इलेक्ट्रिक ही दुसरी कंपनी स्थापली. तिच्या लाल गाड्या दूरच्या गावांना शहराशी जोडत. १९०२ मध्ये लाँग बीचचा मार्ग सुरू झाला. १९२० च्या दशकात पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या रुळांची लांबी १,६०० किलोमीटरच्या वर गेली होती. पॅसाडेना, सांता मोनिका, सॅन बर्नार्डिनो ही सारी गावे तिने एका जाळ्यात गुंफली.

३/
हे जाळे विणले गेले ते मुख्यतः जमीन विकण्यासाठी. माळरानातून आणि बागांतून रूळ टाकायचे, भोवतालची जमीन आधीच घेऊन ठेवायची आणि गाडी सुरू होताच भूखंड पाडून विकायचे, असा हंटिंग्टनचा व्यवहार होता. गाडी तोट्यात चालली तरी भूखंडांवर नफा होई. लॉस एंजेलिसचा दूरवर पसरलेला, विरळ वस्तीचा आकार मोटारीच्या आधी ट्रामने घडवला. पण जमीन एकदाच विकता येते आणि गाडी मात्र रोज चालवावी लागते. भूखंड संपल्यावर रोजचा तोटा कोण भरणार, याचे उत्तर त्या व्यवहारात नव्हते.

४/
ट्राम कंपन्यांवर परवान्याच्या जाचक अटी होत्या. भाडे पाच सेंट ठरलेले. ते वाढवायचे तर सरकारी मंजुरी हवी. रुळांमधल्या रस्त्याची फरसबंदी आणि दुरुस्तीही कंपनीनेच करायची. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली, मजुरी वाढली. उत्पन्न मात्र तेवढेच राहिले. त्याच फरसबंदीवरून आता मोटारी धावू लागल्या होत्या, आणि तिचा खर्च ट्रामच्या प्रवाशांच्या भाड्यातून निघत होता.

५/
१९०० साली शहराची लोकसंख्या सुमारे एक लाख होती. १९३० साली ती बारा लाखांवर गेली. १९२० च्या दशकाच्या मध्यास येथे साधारण तीन माणसांमागे एक मोटार होती, आणि हे प्रमाण उर्वरित अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक होते. शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागातले रस्ते अरुंद. तेथे दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहत आणि चालत्या मोटारी रुळांवर चढत. प्रवाशांनी खच्चून भरलेली ट्राम एका मोटारीमागे खोळंबून राही.

६/
यावर नगर परिषदेने एक धाडसी उपाय योजला. एप्रिल १९२० मध्ये तिने मध्यवर्ती भागात दिवसा मोटारी उभ्या करण्यास बंदी घातली. ट्राम वेळेवर धावू लागल्या, पण दुकानांचा गल्ला घटला. व्यापारी खवळले. चित्रपट अभिनेत्री क्लारा किम्बॉल यंग हिच्या पुढाकाराने मोटारींची निषेध मिरवणूक निघाली. महिना उलटण्याच्या आतच परिषदेला बंदी सैल करावी लागली. रस्ता कोणाचा, हा प्रश्न प्रथमच उघडपणे विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर मोटारवाल्यांच्या बाजूने मिळाले.

७/
मग रस्ता सोडून वर किंवा खाली जाण्याचा विचार झाला. डिसेंबर १९२५ मध्ये पॅसिफिक इलेक्ट्रिकने सुमारे दीड किलोमीटरचा भुयारी मार्ग उघडला. त्यामुळे हॉलिवूडच्या गाड्यांची मध्यवर्ती कोंडीतून सुटका झाली. त्याच वर्षी केल्कर, डी ल्यू या अभियंत्यांच्या संस्थेने भुयारी आणि उन्नत मार्गांचा विस्तृत आराखडा सादर केला. परंतु त्यासाठी सार्वजनिक पैसा लागणार होता. ज्या खासगी कंपनीवर लोकांचा रोष, तिच्यासाठी कर कोण भरणार? उन्नत मार्गांमुळे रस्त्यांवर अंधार पसरेल, ही धास्तीही होतीच. आराखडा कागदावरच राहिला.

८/
मोटारींसाठी मात्र सार्वजनिक पैसा वाहू लागला. ३० डिसेंबर १९४० रोजी पॅसाडेनाला जाणारा अरोयो सेको पार्कवे खुला झाला. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेतील १९३८ च्या दुरुस्तीने पेट्रोलवरील कर रस्त्यांसाठीच राखून ठेवला होता. १९४७ मध्ये राज्याने तो कर वाढवून द्रुतगती मार्गांच्या बांधणीला गती दिली. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला. ट्रामला असा कोणताच वाली नव्हता. काहुएंगा खिंडीत द्रुतगती मार्गाच्या मधोमध लाल गाडीचे रूळ होते. १९५२ मध्ये तेथील सेवा बंद झाली आणि ती जागाही मोटारींच्या वाट्याला आली.

९/
येथे एक प्रसिद्ध कथा आडवी येते. मोटार, टायर आणि तेल कंपन्यांनी कट रचून लॉस एंजेलिसची ट्राम नष्ट केली, अशी ती कथा. १९७४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीसमोर ब्रॅडफर्ड स्नेल याने तिची मांडणी केली आणि १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. ही कथा संपूर्ण खोटी नाही, आणि म्हणूनच ती नीट तपासावी लागते.

१०/
तिच्यामागची सत्य घटना अशी. नॅशनल सिटी लाइन्स ही कंपनी देशभरातील ट्राम कंपन्या विकत घेऊन तेथे बस चालवत असे. तिच्यात जनरल मोटर्स, फायरस्टोन, फिलिप्स पेट्रोलियम, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया आणि मॅक यांचा पैसा होता. १९४९ मध्ये या कंपन्या दोषी ठरल्या, पण तो दोष बस, टायर आणि इंधन यांच्या विक्रीत मक्तेदारी करण्याच्या कटाचा होता. वाहतूक व्यवसायच बळकावण्याच्या कटाच्या आरोपातून त्यांची सुटका झाली. कंपन्यांना प्रत्येकी ५,००० डॉलर दंड झाला. जनरल मोटर्सच्या कोषाध्यक्षाला झालेला दंड होता एक डॉलर.

११/
आता तारखा पाहाव्यात. या गटाने १९४५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पिवळ्या गाड्या विकत घेतल्या आणि त्यांचे अनेक मार्ग बंद केले, हे खरे. लाल गाड्यांच्या पॅसिफिक इलेक्ट्रिकची मालकी मात्र नॅशनल सिटी लाइन्सकडे कधीच नव्हती. ती १९११ पासून सदर्न पॅसिफिक रेल्वेकडे होती आणि तोट्यातील मार्गांवर तिने युद्धापूर्वीच बस आणल्या होत्या. आणखी एक तपशील विसरता येत नाही. १९५८ मध्ये दोन्ही जाळी सार्वजनिक प्राधिकरणाच्या ताब्यात आली. १९६१ मधील अखेरची लाल गाडी आणि ३१ मार्च १९६३ मधील अखेरची पिवळी गाडी या सार्वजनिक संस्थेनेच थांबवली.

१२/
कटाची कथा लोकांना आवडते, कारण तिच्यात अपराधी मोजके आणि दूरचे असतात. प्रत्यक्षात नगर परिषद, व्यापारी, मतदार, राज्य विधिमंडळ आणि स्वतः प्रवासी या साऱ्यांच्या चाळीस वर्षांच्या निर्णयांतून ट्राम मेली. रस्त्याची जागा मोटारीला, कराचा पैसा रस्त्याला आणि तोटा ट्रामला, अशी ती वाटणी होती. कंपन्यांनी या वाटणीचा लाभ उठवला. वाटणी मात्र त्यांच्या आधीच सुरू झाली होती.

१३/
मोडलेले पुन्हा उभारणे फार कठीण गेले. १९६८ मध्ये रेल्वेसाठी विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. १९७४ मध्ये पुन्हा तेच घडले. १९७३ मध्ये महापौर झालेल्या टॉम ब्रॅडली यांनी अठरा महिन्यांत रेल्वेचे काम सुरू करण्याचे आश्वासन दिले होते. पहिली गाडी धावायला १९९० उजाडले.

१४/
१९८० मध्ये कौंटीचे पर्यवेक्षक केनेथ हान यांच्या ‘प्रस्ताव अ’ ला बहुमत मिळाले. प्रत्येक डॉलरच्या खरेदीवर अर्धा सेंट कर, आणि त्यातून रेल्वेची उभारणी. मते मिळवण्यासाठी त्यात एक कलम घातले होते: पहिली तीन वर्षे बसचे भाडे कमी करायचे. न्यायालयीन वाद मिटल्यावर जुलै १९८२ मध्ये भाडे ८५ सेंटांवरून ५० सेंटांवर आले. नवे रूळ नाहीत, बोगदे नाहीत, तरीही तीन वर्षांत बसच्या प्रवासीसंख्येत सुमारे ४० टक्के वाढ झाली. मोटारींच्या या शहरात बसची मागणी नाही, या समजाला मिळालेले हे सर्वांत स्वच्छ उत्तर होते.

१५/
१९८५ मध्ये मुदत संपली. पैसा रेल्वेकडे वळला, भाडे पूर्ववत झाले आणि प्रवासी घटले. त्याच वर्षी मार्चमध्ये फेअरफॅक्स भागातील एका कपड्यांच्या दुकानात जमिनीखालून झिरपलेल्या मिथेन वायूचा स्फोट झाला आणि वीसहून अधिक लोक जखमी झाले. त्यानंतर त्या पट्ट्यातील बोगद्यांना केंद्राचा निधी देण्यास कायद्याने मनाई झाली. शहराच्या सर्वांत वर्दळीच्या विल्शर रस्त्याखालून पश्चिमेकडे जाणारा भुयारी मार्ग त्यामुळे दोन दशके अडला. लाँग बीचची ब्लू लाइन १९९० मध्ये आणि भुयारी रेड लाइनचा पहिला टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला.

१६/
रेल्वे येत होती आणि बस खंगत होती. १९९४ मध्ये वाहतूक प्राधिकरणाने बसभाडे १ डॉलर १० सेंटांवरून १ डॉलर ३५ सेंट करण्याचा आणि ४२ डॉलरचा मासिक पास रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच सुमारास पॅसाडेनाच्या रेल्वेसाठी कोट्यवधी डॉलर मंजूर झाले. बसमध्ये कोण होते? घरकाम करणाऱ्या स्त्रिया, हॉटेलांतील कामगार, शिवणकामाच्या कारखान्यांतील मजूर, विद्यार्थी. बहुतेक कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाचे. पास गेला म्हणजे महिन्याच्या हिशेबात किराणा की प्रवास, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहत होता.

१७/
बस रायडर्स युनियन आणि तिच्या सहकारी संघटना न्यायालयात गेल्या. आधार होता १९६४ चा नागरी हक्क कायदा: सार्वजनिक पैशाच्या वाटपात वंशावरून भेदभाव करता येत नाही. न्यायाधीश टेरी हॅटर यांनी पास रद्द करण्यास स्थगिती दिली. १९९६ मध्ये दहा वर्षांसाठी समझोता झाला. पास टिकला. बसमध्ये सरासरी किती प्रवासी उभे असावेत याचीही मर्यादा ठरली: प्रथम पंधरा, मग अकरा, २००२ पर्यंत आठ. ती पाळण्यासाठी प्राधिकरणाला बसचा ताफा वाढवावा लागला. ताटकळणाऱ्या प्रवाशाचा त्रास प्रथमच कायद्याच्या मापात मोजला गेला.

१८/
जून २००० मध्ये आणखी एक स्वस्त प्रयोग झाला. ब्राझीलमधील कुरितिबा शहराच्या बसव्यवस्थेपासून प्रेरणा घेऊन विल्शर आणि व्हेंच्युरा रस्त्यांवर ‘मेट्रो रॅपिड’ ही लाल बससेवा सुरू झाली. थांबे कमी आणि दूर-दूर ठेवले, गाड्या वारंवार सोडल्या, आणि बस चौकाजवळ येताच हिरवा दिवा थोडा लांबवण्याची सोय केली. प्रवासाचा वेळ सुमारे एक चतुर्थांशाने घटला. बसचा बराच वेळ थांब्यांवर आणि तांबड्या दिव्यांपाशी जात होता, हे यातून उघड झाले.

१९/
मतदारांचे मनही बदलत गेले. २००८ मध्ये ‘मेजर आर’ ला दोन तृतीयांशांहून अधिक आणि २०१६ मध्ये ‘मेजर एम’ ला सुमारे ७१ टक्के मते मिळाली. १९८० आणि १९९० चे कर धरून आता प्रत्येक डॉलरच्या खरेदीतील दोन सेंट वाहतुकीसाठी जातात. मे २०१६ मध्ये एक्स्पो लाइन सांता मोनिकाला पोहोचली. १९५३ मध्ये त्याच मार्गावरची लाल गाडीची प्रवासी सेवा बंद झाली होती. जमिनीची ती पट्टी सुदैवाने सार्वजनिक ताब्यात येऊन टिकली होती.

२०/
तरीही २०१३ नंतर काही वर्षे एकूण प्रवासीसंख्या घटत राहिली. आजही बहुसंख्य प्रवासी बसचे आहेत आणि ती बस मोटारींच्या गर्दीत अडकते. येथे जुना पेच पुन्हा समोर येतो. बस चालवते कौंटीचे प्राधिकरण, पण रस्ता नगरपालिकेचा. विल्शरवर २०१५ मध्ये बससाठी राखीव मार्गिका पूर्ण झाली, पण केवळ गर्दीच्या तासांपुरती आणि तीही तुटक. बेव्हर्ली हिल्समधून ती गेलीच नाही. १९२० ची मिरवणूक जणू अजून संपलेली नव्हती.

२१/
मार्च २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी ‘मेजर एचएलए’ संमत केला. ठरावीक किमान लांबीच्या रस्त्याचे डांबरीकरण करताना शहराच्या गतिशीलता आराखड्यातील बस मार्गिका, सायकल मार्ग आणि पादचारी सुधारणा करणे त्याने नगरपालिकेवर बंधनकारक केले. एप्रिल १९२० मध्ये परिषदेने जे करून पाहिले आणि मागे घेतले, त्याच दिशेने १०४ वर्षांनी मतदारांनीच कौल दिला.

२२/
या इतिहासाचे सार दोन प्रश्नांत सामावते: रस्त्यावरची जागा कोणाला मिळते, आणि गाडी रोज चालवण्याचा खर्च कोण उचलतो? हंटिंग्टनकडे रूळ भरपूर होते, पण या प्रश्नांची टिकणारी उत्तरे नव्हती. १९८२ चे ५० सेंटांचे भाडे, १९९६ चा समझोता आणि २००० ची लाल बस यांच्याकडे रूळ नव्हते; तरी त्यांनी लवकर आणि स्वस्तात फरक घडवला. रेल्वे आवश्यक आहेच. पण नव्या स्थानकाची फीत कापली जात असताना जुन्या थांब्यावर बसची वाट पाहत कोण उभे आहे, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने पाहायला हवे.