‘ओके कॉम्प्युटर’ : एका रॉक अल्बमची जडणघडण

‘ओके कॉम्प्युटर’ हा ‘रेडिओहेड’ या इंग्लिश बँडचा तिसरा स्टुडिओ अल्बम १९९७ साली प्रसिद्ध झाला. यंत्रांनी वेढलेले जगणे, सततचा प्रवास, बाजारू राजकारण आणि माणसाला येणारे तुटलेपण हे त्याच्या १२ रचनांचे विषय आहेत. नावात संगणक असला, तरी यातले बहुतेक संगीत पाच जणांनी एकाच खोलीत, एकत्र वाजवून मुद्रित केलेले आहे.

थॉम यॉर्क, जॉनी ग्रीनवुड, कॉलिन ग्रीनवुड, एड ओब्रायन आणि फिलिप सेलवे हे पाचही जण ऑक्सफर्डशायरमधील अ‍ॅबिंग्डन शाळेचे विद्यार्थी. शुक्रवारी सराव होत असल्याने १९८५मध्ये जमलेल्या या चमूचे पहिले नाव ‘ऑन अ फ्रायडे’ असे होते. १९९१मध्ये ईएमआय कंपनीशी करार झाल्यावर ते ‘रेडिओहेड’ झाले. ‘क्रीप’ या गाण्याने त्यांना जगभर ओळख मिळवून दिली, पण एका गाण्यापुरता बँड असा शिक्काही त्यांच्यावर बसला. १९९५च्या ‘द बेंड्स’ या दुसऱ्या अल्बमने तो पुसला. त्याचे निर्माते जॉन लेकी होते. त्यांच्या हाताखाली ध्वनिमुद्रण सांभाळणारा तरुण अभियंता नायजेल गॉडरिच याच्याशी बँडचे सूर तिथेच जुळले.

नव्या अल्बमचा पहिला तुकडा ओघाने हाती आला. बोस्नियातील युद्धाची झळ बसलेल्या मुलांसाठी ‘वॉर चाइल्ड’ या संस्थेने सप्टेंबर १९९५मध्ये मदतनिधीचा अल्बम काढला. त्यासाठी रेडिओहेडने गॉडरिचसोबत ‘लकी’ हे गाणे अवघ्या पाच तासांत मुद्रित केले. पुढची दिशा या गाण्यात सापडल्याचे बँडला जाणवले, आणि गॉडरिचकडे सहनिर्मातेपद आले. ‘द बेंड्स’च्या यशामुळे कंपनीनेही हात सैल सोडला. उपकरणांसाठी १ लाख पौंड मिळाले आणि मुदतीचे बंधन राहिले नाही.

१९९६मध्ये काम सुरू झाले ते डिडकॉटजवळ सफरचंदे साठवण्याच्या एका शेडमध्ये. बँडने तिला ‘कॅन्ड अप्लॉज’ असे नाव दिले होते. ‘नो सरप्रायझेस’, ‘द टूरिस्ट’ अशी चार गाणी तिथे झाली. मात्र शेडमध्ये स्वच्छतागृहही नव्हते, आणि घरे जवळच असल्याने मन कामात गुंतून राहत नव्हते. ऑगस्टमध्ये बँड अमेरिकेत अ‍ॅलनिस मॉरिसेटच्या कार्यक्रमांआधी वाजवण्यासाठी गेला. या दौऱ्यात नवी, अपुरी गाणी प्रेक्षकांसमोर तपासली गेली. वेगवेगळे तुकडे जोडून बांधलेले ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ तेव्हा दहा मिनिटांहून लांब होते. ते काटत काटत सव्वासहा मिनिटांच्या आसपास आले.

सप्टेंबरमध्ये मुक्काम हलला तो बाथजवळच्या ‘सेंट कॅथरिन्स कोर्ट’ या ट्यूडरकालीन हवेलीत. ती अभिनेत्री जेन सिमोर यांच्या मालकीची होती. इथे स्टुडिओची शिस्त नव्हती आणि घड्याळाचा धाकही नव्हता. खोल्यांचा स्वतःचा नाद हेच ध्वनिमुद्रणाचे साधन झाले. ‘रोमिओ + ज्युलिएट’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीसाठी लिहिलेल्या ‘एक्झिट म्युझिक’मधील यॉर्कचा आवाज दगडी जिन्यावर मुद्रित झाला. त्यातला घुमारा त्या जिन्याचा आहे. ‘लेट डाउन’ हे गाणे नृत्यदालनात पहाटे तीनच्या सुमारास वाजवले गेले.

यंत्रांचा वापर मोजका, पण नेमका होता. ‘एअरबॅग’मध्ये डीजे शॅडोच्या प्रभावाखाली सेलवेच्या ड्रमवादनाचा काही सेकंदांचा तुकडा सॅम्पलरमध्ये घेऊन कापला-जोडला गेला. ‘फिटर हॅपियर’चा मजकूर तर मॅकिंटॉश संगणकाच्या कृत्रिम आवाजानेच वाचला आहे. सुखी, निरोगी, कार्यक्षम नागरिकासाठीच्या सूचनांची यादी त्या निर्विकार उच्चारामुळे भेदक होते. माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’, एन्निओ मोरिकोनेचे चित्रपटसंगीत आणि पेंडेरेत्स्कीच्या रचना हे बँडने या काळात मनापासून ऐकलेले संगीत. तंतुवाद्यांचे भाग जानेवारी १९९७मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत मुद्रित झाले. अल्बमचे नाव डग्लस अ‍ॅडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या नभोनाट्यातून आले. दौऱ्यावरच्या बसमध्ये बँड ते ऐकत असे. मुखपृष्ठावरची पुसट, खरवडलेली चित्रे स्टॅनली डॉनवुड आणि यॉर्क यांनी संगणकावर केली. त्यात एकदा केलेली कृती मागे घ्यायची नाही, असा नियम त्यांनी घालून घेतला होता.

पूर्ण झालेला अल्बम ऐकून ईएमआयची अमेरिकेतील कंपनी कॅपिटल धास्तावली. विक्रीचा २० लाख प्रतींचा अंदाज तिने ५ लाखांवर आणला. तरीही ‘पॅरानॉइड अँड्रॉइड’ हेच लांबलचक गाणे मे महिन्यात पहिले सिंगल म्हणून बाजारात आले आणि ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अल्बम २१ मे रोजी जपानमध्ये, १६ जूनला ब्रिटनमध्ये आणि १ जुलैला अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये त्याने पहिला क्रमांक गाठला, अमेरिकेत २१वा. समीक्षकांनी त्याचे जोरदार स्वागत केले. १९९८मध्ये त्याला पर्यायी संगीतासाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मर्क्युरी पुरस्कार मात्र रॉनी साइझ आणि रेप्राझेंट यांच्या ‘न्यू फॉर्म्स’कडे गेला.

१९९७च्या ब्रिटनमध्ये ओअ‍ॅसिससारख्या बँडांच्या उत्साही, साठच्या दशकाकडे पाहणाऱ्या ब्रिटपॉपचा जोर होता. ‘ओके कॉम्प्युटर’ने त्याच्या शेजारी अस्वस्थ, गुंतागुंतीचे आणि तरीही लोकप्रिय होऊ शकणारे संगीत ठेवले. यशाची किंमतही मोजावी लागली. लांबलेला दौरा आणि मुलाखतींचा मारा यांनी बँड किती थकला, हे ग्रँट जी यांच्या ‘मीटिंग पीपल इज ईझी’ या १९९८च्या माहितीपटात दिसते. या थकव्यानंतर २०००मध्ये आलेल्या ‘किड ए’मध्ये बँडने गिटार बरीच मागे सारली आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची वाट धरली. गॉडरिच मात्र निर्माता म्हणून कायम राहिला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने पुढे हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केला. २०१७मध्ये, २० वर्षांनी, त्या काळातील अप्रकाशित गाण्यांसह त्याची ‘ओकेनॉटओके’ ही नवी आवृत्ती निघाली.