क्लच न सुटणे

मोटारगाडीत क्लचचे पेडल तळापर्यंत दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे होत नाहीत, अशा दोषाला गॅरेजात ‘क्लच सुटत नाही’ म्हणतात. लक्षणे ठरलेली आहेत. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात. इंजिन सुरू केले की पहिला गिअर अडून बसतो, रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो, आणि जोर लावून गिअर टाकलाच तर पाय क्लचवर असूनही गाडी सरकू लागते. झिजलेल्या क्लचमध्येही हे घडते. पण खरा डोकेदुखीचा प्रकार म्हणजे गिअरबॉक्स उतरवला, नवा सेट टाकला, सगळे बोल्ट आवळले आणि चाचणीच्या पहिल्याच मिनिटाला गिअर पडेना. अशा वेळी गिर्‍हाईक आणि मेकॅनिक दोघेही नव्या मालाला दोष देतात. तो दोष बहुधा चुकीच्या जागी जातो.

क्लच घसरणे हा याच्या नेमका उलटा दोष. त्यात इंजिन वेग घेते, गाडी घेत नाही. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे आधी दोष कोणता ते पक्के करावे लागते.

आतली रचना थोडक्यात अशी. इंजिनच्या क्रँकशाफ्टवर फ्लायव्हील घट्ट बसलेले असते. त्यावर बोल्टांनी प्रेशर प्लेट आवळलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट दाबलेली असते. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर दातेरी खाचांनी, म्हणजे स्प्लाइनने, बसते आणि त्यांवर पुढे-मागे सरकू शकते. पेडल दाबले की केबल ओढली जाते, किंवा हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडलकडचा मास्टर सिलिंडर पाइपातून फोर्ककडच्या स्लेव्ह सिलिंडरकडे द्रव ढकलतो. त्याने फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटे आत दाबते, आणि प्रेशर प्लेट मागे उचलली जाऊन क्लच प्लेट मोकळी होते. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३०च्या दशकाच्या अखेरीला आपल्या मोटारींत डायफ्राम स्प्रिंग वापरायला सुरुवात केली. आज छोट्या मोटारींत जवळजवळ सर्वत्र हीच रचना दिसते.

या सगळ्या साखळीत हाताशी असलेली हालचाल किती तुटपुंजी आहे, ते आकड्यांत मांडल्याशिवाय ध्यानात येत नाही. समजा पेडल १५० मिलिमीटर जाते आणि त्याचे तरफेचे प्रमाण ६ आहे. मग मास्टर सिलिंडरचा पिस्टन २५ मिलिमीटर सरकेल. मास्टरचा व्यास पाच-अष्टमांश इंच आणि स्लेव्ह सिलिंडरचा पाऊण इंच धरला, तर स्लेव्हचा दांडा सुमारे १७ मिलिमीटर बाहेर येतो. फोर्कचे प्रमाण २ असेल तर बेअरिंगच्या वाट्याला साडेआठ मिलिमीटर येतात, आणि डायफ्राम स्प्रिंगने त्याचे पाचास एक केले की प्रेशर प्लेट उचलली जाते फक्त १.७ मिलिमीटर. त्यातूनही काही भाग क्लच प्लेटच खाते. तिच्या दोन लायनिंगच्या मध्ये लवचिक पत्र्याच्या पट्ट्या असतात. दाब कमी झाला की त्या आधी फुगतात आणि त्यातच साधारण ०.८ मिलिमीटर जातात. उरले ०.९ मिलिमीटर. ते दोन्ही बाजूंना वाटले की प्रत्येक बाजूला अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट राहते. दीडशे मिलिमीटर दाबलेल्या पेडलची कमाई एवढीच.

आता याच उदाहरणात मास्टर सिलिंडर एका दाबात ५ मिलिलिटरच्या आसपास द्रव ढकलतो. पाइपात हवा राहिल्यामुळे त्यातला एक मिलिलिटर वाया गेला, तर स्लेव्हचे साडेतीन मिलिमीटर गेले आणि शेवटची फट ०.९ वरून साधारण ०.५५ मिलिमीटरवर आली. वर प्लेट अर्धा मिलिमीटर वाकडी असली की क्लच सुटणे संपलेच. म्हणून या दोषाचा शोध म्हणजे हालचाल कुठे गळते याचा शोध. गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या, बाहेर ही गळती मोजून घ्यावी. पट्टी आणि दोन माणसे एवढ्यावर हे काम होते.

पहिली चाचणी रिव्हर्सची. इंजिन मंद गतीवर ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, पाच-दहा सेकंद थांबायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. एवढ्या वेळात मोकळा इनपुट शाफ्ट थांबायला हवा. तरीही खरखर झाली तर शाफ्ट अजून कशाने तरी फिरतो आहे. दुसरी चाचणी इंजिन बंद ठेवून. बाकीच्या चाकांना ठोकळे लावावेत, चालणारे एक चाक जॅकने उचलून त्याखाली भक्कम स्टँड द्यावा, आणि गाडी गिअरमध्ये टाकावी. चाक हाताने फिरत नाही. आता दुसर्‍या माणसाने क्लच दाबला की ते फिरू लागले पाहिजे. फिरले तर क्लच सुटतो आहे आणि दोष गिअरबॉक्समध्ये किंवा गिअरच्या जोडदांड्यांत शोधावा. न फिरले तर क्लचची तक्रार खरी. तिसरी चाचणी पायाचीच आहे. पेडल दोन-तीन वेळा भराभर मारल्यावर गिअर पडू लागला तर पाइपात हवा आहे. एकदा दाबून धरल्यावर काही सेकंदांनी गाडी हळूहळू सरकू लागली तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर दाब सोडते आहे, मग बाहेर थेंबभरही गळती दिसो वा न दिसो.

हवा काढण्याच्या कामात बसवणीच्या चुका सर्वाधिक होतात. स्लेव्हचा ब्लीडर निपल सगळ्यात वर असावा लागतो. सिलिंडर उलटा बसला आणि निपल खाली आला तर बाटलीभर ब्रेक ऑइल ओतूनही वरचा बुडबुडा हलत नाही. ब्रेक ऑइल म्हणजे बहुतेक गाड्यांत ग्लायकॉलवर आधारलेले डॉट ३ किंवा डॉट ४. त्याऐवजी खनिज तेल गेले तर रबरी सील फुगतात आणि पिस्टन परत येईनासा होतो. जुना रबरी होजपाइपही हालचाल खातो. दाब आला की तो फुगतो, द्रव तिथेच मावतो आणि स्लेव्हपर्यंत पोचत नाही. क्लच दाबताना होज मुठीत धरला तर हे कळते.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बाहेर नसतोच. तो इनपुट शाफ्टभोवती, रिलीज बेअरिंगसकट, बेल हाउसिंगच्या आत बसवलेला असतो. अशा रचनेत गिअरबॉक्स जागेवर बसण्याआधी कुणी सहज पेडल दाबून पाहिले, तर पुढे अडवायला काही नसल्यामुळे पिस्टन मर्यादेबाहेर जातो आणि सील बिघडते. मग जे काम संध्याकाळी संपायचे ते पुन्हा पहिल्यापासून.

यांत्रिक जोडांत गळती किती होते, याचे ठळक उदाहरण ब्रिटिश एमजीबी. ही दोन आसनी मोटार १९६२ ते १९८० या काळात बनली आणि तिचा क्लच हायड्रॉलिक होता. तिच्यात पेडल आणि मास्टर सिलिंडरचा दांडा जोडणारी पिन झिजते, पिनेचे भोकही लांबट होते. या जागी गेलेला एक मिलिमीटर, पेडलचे प्रमाण ६ असेल तर, पायाशी ६ मिलिमीटर होतो. जुन्या एमजीबीत नवा क्लच, नवा मास्टर, नवा स्लेव्ह घालूनही गिअर पडत नाही, आणि शेवटी काही रुपयांची पिन बदलल्यावर पडतो, असा अनुभव हौशी मालकांच्या वर्तुळात परिचयाचा आहे.

केबलच्या गाड्यांचे गणित वेगळे आहे आणि नव्या क्लचनंतर फसवणारेही. डिसेंबर १९८३मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८००ला केबलचाच क्लच होता. क्लच प्लेट झिजत जाते तशी डायफ्रामची बोटे बेअरिंगकडे सरकतात, पेडलचा मोकळा प्ले कमी होतो, आणि मेकॅनिक वर्षानुवर्षे केबलचा नट थोडा थोडा सैल करत राहतो. मग एक दिवस नवी, पूर्ण जाडीची प्लेट बसते. बोटे पुन्हा फ्लायव्हीलकडे जातात आणि तो सैल केलेला नट तसाच राहिलेला असतो. पेडलचा निम्मा दाब बेअरिंग बोटांपर्यंत पोचण्यातच संपतो. येथे काहीही उतरवायचे नसते, नट आवळायचा असतो. फार आवळला तर मात्र बेअरिंग सतत बोटांवर फिरत राहते आणि क्लच घसरू लागतो. हायड्रॉलिक क्लच ही झीज बहुधा स्वतःच भरून काढतो.

फोक्सवॅगन बीटलमध्ये केबल गाडीच्या मधल्या बोगद्यातून मागच्या इंजिनापर्यंत जाते आणि शेवटी बाउडन नळीतून वळते. पेडलचा मोकळा प्ले १० ते २० मिलिमीटर ठेवायचा असतो. केबलची नळी बोगद्यात ज्या वेल्डने धरलेली असते तो तुटला, तर नट कितीही आवळा, केबल नळीसकट सरकते आणि फोर्क जागचा हलत नाही. जुन्या बीटलचा हा पुरता ओळखीचा आजार आहे.

हे सगळे तपासल्यावर एक मोजमाप निर्णायक ठरते. फोर्कच्या टोकाजवळ पट्टी धरून, कुणीतरी पेडल तळापर्यंत दाबत असताना, टोक किती सरकते ते पाहायचे. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतके ते सरकत नसेल तर दोष बाहेर आहे. पुरेसे सरकत असूनही क्लच सुटत नसेल, तरच गिअरबॉक्स उतरवायचा.

आतले कारण बहुतेक वेळा क्लच प्लेटपाशीच सापडते. ती उलटी बसलेली असू शकते. प्लेटच्या हबचा स्प्रिंगांचा फुगीर भाग एका बाजूला जास्त पुढे आलेला असतो. तो गिअरबॉक्सच्या बाजूला असायला हवा असताना फ्लायव्हीलकडे बसला तर फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकतो. पुष्कळ प्लेटांवर कोणती बाजू कुठे हे छापलेले असते. छाप पुसला असेल तर बोल्ट लावण्याआधी प्लेट फ्लायव्हीलवर धरून हब कुठे अडतो ते पाहावे.

दुसरे कारण जास्त फसवे. गिअरबॉक्स बसवताना शाफ्ट स्प्लाइनमध्ये शिरला, पण हाउसिंग अजून दोन इंच दूर आहे, आणि हात दमल्यामुळे गिअरबॉक्स क्षणभर तसाच लटकत सोडला जातो. त्याचे सगळे वजन प्लेटच्या हबवर येते आणि प्लेट वाकते. डोळ्यांना काही दिसत नाही. फिरवून पाहिले तरच कड डोलताना दिसते, आणि वर मांडलेल्या फटीत अर्ध्या मिलिमीटरचे डोलणेही परवडत नाही. उरलेले अंतर बोल्टांनी ओढून घेण्याची सवय याहून वाईट. हाउसिंग हाताने ढकलून जागेवर येत नसेल तर प्लेट मध्यावर बसलेली नाही, असे समजून डमी शाफ्ट घालून ती पुन्हा मध्यावर आणावी. गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवर तोलून धरला की हे दोन्ही प्रसंग टळतात.

स्प्लाइन कोरडी आणि गंजलेली असेल तर प्लेट तिच्यावर अडते. तिथे ग्रीस भरपूर लावले तर फिरताना ते लायनिंगवर उडते आणि दुसराच दोष सुरू होतो. बोटाने चोळून पुसल्यावर उरेल एवढेच पुरते. मागची चाके चालवणार्‍या गाड्यांत क्रँकशाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंग असते. ते जाम झाले तर प्लेट पूर्ण मोकळी असूनही इनपुट शाफ्ट फिरत राहतो. बेल हाउसिंगच्या डावेल पिना घालायच्या राहिल्या तर दोन शाफ्टांची रेष बिघडते. फोर्क आपल्या गोळीवरून निसटलेला असणे, बेअरिंगची क्लिप न बसणे, ही कारणे तुलनेने सोपी आणि पहिल्या नजरेत दिसणारी.

सुटे भाग चुकीच्या मेळाचे असणेही आतल्याच कारणांत मोडते. बीटलच्या १९७०पर्यंतच्या गाड्यांना मध्ये कडे असलेली प्रेशर प्लेट लागते. १९७१पासून रिलीज बेअरिंग नळीवर सरकणारे झाले आणि कडे गेले. दोन्ही प्रकार बाजारात मिळतात, बोल्टांची भोके जुळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. फ्लायव्हील लेथवर घासून घेतले तरी क्लचची जागा बदलते. सपाट फ्लायव्हीलवरून एक मिलिमीटर निघाला की पूर्ण क्लच बेअरिंगपासून तेवढा दूर गेला. पायरीच्या फ्लायव्हीलवर घर्षणाची बाजू आणि बोल्टांची बाजू यांतले अंतर घासल्यावरही तेच राहावे लागते.

लांब उभ्या राहिलेल्या गाडीची गोष्ट निराळी. इंजिनचे काम अर्धवट ठेवून कोकणात एक पावसाळा उभी केलेली गाडी सुरू करावी, तर लायनिंग फ्लायव्हीलच्या गंजाला चिकटलेले असते. इथे फोर्क पूर्ण सरकतो, प्रेशर प्लेट उचलली जाते, पण क्लच प्लेट सुटत नाही. इंजिन चांगले तापवून मग ते बंद करावे, आणि पेडल दाबून लाकडी दांडा सीटला टेकवून रात्रभर तसेच ठेवावे. याने पुष्कळदा प्लेट मोकळी होते. पेडल दाबून गाडी गिअरमध्येच सुरू करून झटके देण्याचा उपायही केला जातो. पण स्टार्टर फिरताच गाडी धावू लागते, त्यामुळे समोर मोकळे मैदान नसेल तर तो करू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, म्हणून उघडलेल्या बेल हाउसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसून काढतात.