नवी प्रणाली, जुना संगणक

संगणक मंदावला की नवी कार्यप्रणाली टाकावी, हा समज अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील लग्नपत्रिका व फ्लेक्स करणाऱ्या छोट्या डीटीपी केंद्रांना महागात पडू शकतो. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागे. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी, म्हणजे चौसष्टपट! हार्डवेअर जितके वेगवान होते त्याहून लवकर सॉफ्टवेअर मंदावते, असे संगणकतज्ज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच मांडले होते.

ग्राफिक्सची गोष्ट थोडी वेगळी. २००८ चे फोटोशॉप सीएस४ विंडोजवर ६४ बिटमध्ये आले आणि ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू लागले. मोठ्या फ्लेक्सच्या फाइलला त्याचा खरा लाभ. यंत्रात रॅमच २ जीबी असेल तर मात्र काहीच नाही. अशा यंत्रात रॅम वाढवणे आणि हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवणे अधिक उपयोगी ठरते. शिवाय पेजमेकरमधील जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये जशाच्या तशा उघडतील, याची खात्री नसते.

नवी प्रणाली घेण्याचे सबळ कारण सुरक्षा हे आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.