शाळू पेट्रोलपंपावर का पोचला नाही?

इथेनॉल म्हटलं की ऊस, आणि हल्ली मका. पण मी मंगळवेढा-मोहोळ पट्ट्यातला माणूस, त्यामुळे पंपावर ई-20 ची पाटी लागल्यापासून कुणी ना कुणी विचारतंच, "भाऊ, आपल्या ज्वारीपासून नाही का होत हे?"

होतं. आणि तो प्रयत्न आजकालचा नाही, पन्नासेक वर्षांचा आहे. बराचसा आपल्याच महाराष्ट्रातला. तो कुठं अडला हे समजून घ्यायचं तर आधी शाळू समजून घ्यावा लागतो. पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा.

खरिपाची ज्वारी आणि रब्बीचा शाळू ही नावाला एकच. खरिपाची पावसावर वाढते. शाळू पाऊस संपता संपता पेरायचा आणि काळ्या जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर काढायचा. वरून पाणी जवळपास नाहीच. 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर इथल्याच गावरान वाणातून निवड करून मालदांडी 35-1 तयार झाली. आज नव्वद वर्षांनीही ती शेतात आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मालदांडीच्याच जोरावर. एवढं टिकलेलं दुसरं सुधारित वाण मला तरी आठवत नाही.

ती टिकली कारण तिला हटवणारं काही आलं नाही. 1954 मध्ये टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी नरवंध्य ज्वारीचा वापर करून संकरित बियाणं काढायची वाट दाखवली. 1964 मध्ये आपल्याकडे सीएसएच-1 आली आणि खरिपाचं चित्र पालटलं. तुमच्या आजोबांनी जिला नुसतं 'हायब्रीड' म्हटलं ती हीच पिढी. रब्बीत मात्र संकरित वाणांची डाळ शिजली नाही. थंडीच्या रात्री परागकण नीट तयार होत नाहीत, कणसं अर्धवट भरतात. खोडमाशी रोपटं खाते. यातूनही पीक आलंच तर भाकरी मालदांडीसारखी होत नाही आणि व्यापारी भाव पाडून मागतो. गंमत म्हणजे मालदांडीच्या पेशीतही नरवंध्यत्वाचा स्वतःचा एक स्रोत सापडला. शास्त्रज्ञ त्याला ए-4 म्हणतात, जगभरच्या शास्त्रीय लेखांत 'मालदांडी' हे नाव त्यामुळं आहे. पण व्यापारी संकरासाठी त्याचा फारसा उपयोग करता आला नाही.

आता इंधनाकडे येतो. फलटणला 1968 मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. सत्तरच्या दशकात तिथं गोड ज्वारीवर काम सुरू झालं. गोड ज्वारी म्हणजे जिच्या ताटात उसासारखा रस असतो ती. लहानपणी शेतात ताट सोलून चघळलेल्यांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेत अशा ताटांच्या रसाची काकवी करायची जुनी रीत आहे. फलटणकरांची कल्पना अशी की दाणा माणसाला, रस इंधनाला आणि चिपाड जनावराला. 'मधुरा' हे त्यांचं वाण. 1981 मध्ये अमेरिकेतून परतून डॉ. अनिल राजवंशी तिथं रुजू झाले आणि रसाच्या इथेनॉलचं ऊर्ध्वपातन सूर्याच्या उष्णतेवर करायचा प्रयोग झाला. निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारा स्टोव्ह बनवला. रॉकेलच्या रांगांच्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती! पण इथेनॉल कायद्याच्या लेखी दारूच. गावातल्या बाईनं चुलीसाठी ते घरात ठेवायचं तर उत्पादन शुल्क खातं आडवं येणार. म्हणजे यंत्र तयार आणि परवाना नाही.

सरकारला जाग आली ती 2003 मध्ये. महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं आणि गोड ज्वारीला एकदम भाव आला. हैदराबादच्या राष्ट्रीय ज्वारी संशोधन केंद्रानं सीएसएच 22 एसएस हा खास गोड ताटाचा संकर 2005 मध्ये दिला. पाटणचेरूच्या इक्रिसॅटमध्ये बेलुम रेड्डी यांचा गट त्याच कामात होता. 2007 मध्ये संगारेड्डीजवळ रुसनी डिस्टिलरीज सुरू झाली. नांदेडला टाटा केमिकल्सनं कारखाना उभा केला. वर्तमानपत्रांतून 'गरिबांचा ऊस' वगैरे छापून आलं, आम्ही पत्रकार अशा शब्दांना कायम भुकेलेले. दोन्ही प्रकल्प काही वर्षांतच थांबले.

कुणी म्हणतं भाव मिळाला नाही, कुणी म्हणतं धोरण धरसोडीचं. दोन्ही खरं. पण मला वाटतं मूळ अडचण कॅलेंडरची होती, आणि ती थेट रब्बीशी जोडलेली आहे.

गोड ज्वारीचं ताट तोडलं की एक-दोन दिवसांत गाळावं लागतं, नाहीतर साखर उतरते. एका पेरणीची तोडणी फार तर तीन-चार आठवडे चालते. कारखाना तेवढ्यावर चालत नाही, त्याला वर्षातले बरेच महिने माल लागतो. म्हणजे खरिपाबरोबर रब्बीतही गोड ताट पिकायला हवं. इथं थंडी आडवी येते. ज्वारी लहान दिवसांचं पीक. दिवस लहान झाले की तिला फुलायची घाई होते. ताट उंच व्हायच्या आत कणीस निसवतं. त्यात गार रात्रींनी वाढ मंदावते. टनाला सुमारे 40 लिटर इथेनॉल हा हिशेब रसानं भरलेल्या ताटाचा. रब्बीत मुळात ताटाचं वजनच घटतं आणि रसही घटतो. शास्त्रज्ञांना हे ठाऊक होतं. दिवसाच्या लांबीला आणि थंडीला न जुमानणारे वाण काढायचे हेच रेड्डींच्या गटाचं एक मुख्य उद्दिष्ट होतं. चाचण्यांत बरे वाण निघालेही. पण चाचणीच्या वाफ्याला पाणी मिळतं. आमच्याकडे शाळूला हस्ताच्या पावसानंतर काय मिळतं? ओल संपायच्या आत दाणा भरणं हीच तर मालदांडीची कला. ताटात रस साठवणारं पीक पाणी मागणारच.

आणि समजा पिकलंच, तर ते तोडणीला येणार जानेवारी-फेब्रुवारीत, ऐन उसाच्या हंगामात. तेव्हा साखर कारखान्याची गव्हाण रिकामी नसते, तोडणीला मजूर नसतात.

तिसरी गोष्ट शेतकऱ्यांनीच मला सांगितली आणि ती मला कुठल्या अहवालात वाचायला मिळाली नाही. दुष्काळी वर्षी शाळू दाण्यासाठी नाही, कडब्यासाठी पेरतात. दाणा गेला तरी चालेल, दावणीची दोन जनावरं जगली पाहिजेत. कागदावर चिपाडही चारा आहे. पण कारखान्यातलं ओलं चिपाड चाळीस किलोमीटरवरून परत आणणार कोण? एकदा ताट गाडीत चढलं की ते आपलं राहत नाही.

2018 च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचं नाव आहे. पण गाडी मक्याकडे वळली. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसावर बंधनं आली, आणि त्या वर्षात इथेनॉलला सगळ्यात जास्त कच्चा माल मक्यानं दिला. मका सुकवून पोत्यात ठेवता येतो, बारा महिने गाळता येतो. कॅलेंडरचा प्रश्नच उरला नाही.

म्हणून शाळू सुटला असं समजू नका. आता नजर रसावर नाही, वाळल्या ताटावर आहे. पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना 2022 मध्ये सुरू झाला. ताटातलं लिग्निन कमी असलेली, पानाची मधली शीर तपकिरी असलेली ज्वारी त्यासाठी जगभर पैदास केली जाते आहे. अशी ज्वारी जनावरालाही सहज पचते, हे तिचं मोठेपण. म्हणजे गोठा आणि कारखाना दोघांनाही तेच ताट हवं असणार. पंजाबात पेंढा जाळतात, त्याला भाव देणं ठीकच. मंगळवेढ्यात कडबा कुणी जाळत नाही, त्याची गंजी लागते.

आमच्याकडे बायोगॅस आणि गवताच्या करारांच्या सभा सुरू झाल्यात. परवा एका सभेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "साहेब, दुष्काळ पडला तर करारातला माल तुम्ही नेणार, मग माझ्या बैलाला काय?" कंपनीचा माणूस म्हणाला, तो मुद्दा करारात घेता येईल. मी करार मागून वाचला. अजून तरी त्यात नाही.