परवाना ऐच्छिक झाला, तरी तो का घ्यावा?

३० जानेवारी १९५६ च्या रात्री अमेरिकेतील अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. किंग सभेला गेले होते. घरात पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी होती. सुदैवाने दोघी वाचल्या. बसमधील वर्णभेदाविरुद्धच्या बहिष्काराला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. या हल्ल्यानंतर किंग यांनी पिस्तूल जवळ बाळगण्याच्या परवान्यासाठी शेरीफकडे अर्ज केला. तो नाकारला गेला.

ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याच्यापेक्षा गरजू अर्जदार कोण असणार? पण नुसती गरज पुरेशी नव्हती. परवान्यास ‘योग्य’ कोण, हे शेरीफच्या मर्जीवर होते आणि त्या मर्जीचा रंग गोरा होता. फ्लोरिडात तर १८९३ पासून परवान्याचा कायदा होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बुफर्ड यांनी १९४१ मध्ये स्पष्ट लिहिले, की हा कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी झाला. गोऱ्यांना तो लावण्याचा हेतूच नव्हता. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्यानेही हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली.

किंग यांनी पुढे घरातील शस्त्रही दूर केले आणि अहिंसेचा मार्ग पक्का धरला. कायदा मात्र हळूहळू बदलत गेला. २०१३ मध्ये अलाबामात शेरीफची मर्जी बरीच आटोक्यात आली: अर्जदार अपात्र नसेल तर परवाना द्यायचा. आणि १ जानेवारी २०२३ पासून परवाना ऐच्छिकच झाला. आज अमेरिकेतील २९ राज्यांत, ज्याला कायद्याने बंदूक बाळगता येते असा प्रौढ माणूस परवान्याशिवाय ती अंगावर लपवून फिरू शकतो.

मग कागद कशाला? कारणे आहेत आणि ती ठोस आहेत.

पहिले म्हणजे राज्याची सीमा. ऐच्छिक असण्याची सवलत त्या राज्यापुरती असते. जिथे परवाना लागतो, अशी बरीच राज्ये दुसऱ्या राज्याचा परवाना मानतात. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया मानत नाहीत. व्हरमाँट राज्य तर परवाना देतच नाही, म्हणून तेथील काही लोक प्रवासासाठी दुसऱ्या राज्याचा परवाना काढतात.

दुसरे कारण फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. केंद्रीय कायद्याने शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदूक नेणे गुन्हा आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला, पण संसदेने तो १९९६ मध्ये दुरुस्त करून पुन्हा आणला. ज्याच्याकडे त्याच राज्याचा, पडताळणी करून दिलेला परवाना आहे, त्याला यातून सूट आहे. भरलेले पिस्तूल घेऊन शाळेसमोरच्या रस्त्याने जाणारा बिनपरवाना माणूस राज्याच्या कायद्याने निर्दोष, तर केंद्राच्या कायद्याने गुन्हेगार ठरू शकतो.

तिसरे, टेक्साससारख्या राज्यात परवानाधारकाला बंदूक विकत घेताना दर वेळी वेगळ्या तपासणीसाठी थांबावे लागत नाही. शिवाय तिथे परवान्यासाठी प्रशिक्षण आणि नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे, कारण एक गोळी चुकली तर जीव दुसऱ्याचा जातो. नातेवाईक अमेरिकेत असलेल्यांनी एक लक्षात ठेवावे: नोकरी वा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, काही अपवाद सोडता, तिथे बंदूक बाळगण्यासच मनाई आहे.

पण कागदाची मर्यादाही इतिहासानेच दाखवली आहे. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात पोलिसाने फिलँडो कॅस्टील यांची गाडी थांबवली. त्यांच्याकडे परवाना होता. जवळ बंदूक आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. काही क्षणांत पोलिसाने त्यांना गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडले. किंग यांना कागद मिळाला नाही. कॅस्टील यांच्याकडे तो होता, तरी समोरच्याच्या मनातील भीतीपुढे तो कामी आला नाही.

तरीही मी म्हणेन, कागद घ्यावा. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला आणि त्यावर साक्षीदार घ्यायला सांगितले आहे. लिहिलेले असले म्हणून बेइमानी थांबतेच असे नाही, पण हक्क मागताना हातात पुरावा असतो. ज्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिले जाते, त्याला हा पुरावा इतरांपेक्षा जास्त लागतो. सवलत एका विधेयकाने येते आणि दुसऱ्या विधेयकाने जाऊ शकते. मात्र परवाना खिशात असला, तरी तो तपासणाऱ्याची नजर न्यायी व्हावी यासाठी वेगळा लढा द्यावाच लागतो. मॉन्टगोमेरीत किंग यांनी शेवटी तोच लढा दिला.